गाडीतून काय काय काढलं

किस्से कोणी बसून जमवत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात काढून टाकलेले पार्ट साठतात ना, तसं होतं ते. आज एक फेकला, परवा दुसरा, आणि एक दिवस झाडू मारायला जावं तर पाय ठेवायला जागा नाही! आमचं तर कामच मुळी गाडीतून पार्ट काढायचं होतं. त्यामुळे कोपराही भरला आणि किस्सेही.

काशीमीऱ्याला हायवेपासून जरा आत, टाइल्सच्या गोदामामागे पास्कूचं गॅरेज होतं. पास्कू म्हणजे पास्कल, उत्तनचा. घरच्या होडीचं इंजिन उघडता उघडता गाड्यांकडे वळलेला. दुसरा प्रशांत. तो आणि मी पेणकरपाड्यात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, दोघंही गिरगाव सोडून आलेले. तो विमा कचेरीत, मी शिपिंगच्या ऑफिसात. मी मनोहर, पण या दोघांचा मन्या.

दोन हजार चार-पाचचा काळ. तेव्हा हौशी लोकांच्या स्पर्धा व्हायच्या. मोकळ्या मैदानात कोन मांडायचे, त्यांच्यामधून गाडी वळवत न्यायची, घड्याळ लावायचं. ज्याचा टाइम कमी, तो पहिला. प्रशांतला अशा एका स्पर्धेत स्वतःची गाडी स्वतः चालवून एकदा पहिलं यायचं होतं. बाकी माणसाला काही नाद नव्हता. चहासुद्धा अर्धा कप! ही एक हौस, आणि ती त्याच्या हातून गेली, यात माझा वाटा मोठा आहे. म्हणून हे किस्से सांगताना मी आधी हसतो आणि मग सांगणं नकोसं होतं.

गाडी साधीच, सेकंडहँड हॅचबॅक, लाल रंगाची. इंजिन पास्कूने बांधलेलं. पण पास्कू म्हणायचा, "इंजिन काय, सरल रस्त्याला पलेल. वलनावर पलवायची हाय ना, तर वजन काढ!"

मग आम्ही वजन काढायला लागलो.

*

वजन काढायचं, तर आधी ते मोजायला हवं. हायवेवर ट्रकांचा वजनकाटा होता. रविवारी सकाळी आम्ही तिथे लायनीत. पुढे रेतीचा ट्रक, मागे टाइल्सचा ट्रेलर, मध्ये आमची लाल गाडी!

काट्यावरच्या भैयाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "इसमें क्या भरा है?"

"कुछ नहीं," प्रशांत म्हणाला.

"तो तौल क्या रहे हो?"

तो आकडा एका कागदावर लिहून आम्ही परत आलो. पंधरा दिवस खपून मागची सीट, कार्पेट, दारांच्या आतले पत्रे, स्टेपनी, जॅक सगळं काढलं आणि पुन्हा काट्यावर गेलो. तर काय! आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा तब्बल नव्वद किलो जास्त कमी! पास्कूने मला मिठी मारली. मी वडापाव सांगितले. दोन वडापाव खाऊन झाल्यावर समोरच्या टपरीवरून प्रशांत आला आणि म्हणाला, "काय झालं? कोण पास झालं?"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या वेळी गाडीसकट प्रशांत काट्यावर होता. या वेळी पास्कूने गाडी चढवली आणि तो आकडा बघायला खाली उतरला होता.

पास्कू काट्याकडे बघत म्हणाला, "वजन न्हाय कमी झालं, मानूस कमी झाला!"

आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

*

मागची सीट काढल्याचं प्रशांतने घरी सांगितलं नव्हतं. त्याच्या मते सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. वसईला लग्न होतं. सुजातावहिनी शालू नेसून खाली आल्या, सोबत प्रशांतची आई. वहिनींनी मागचं दार उघडलं आणि आत नुसता पत्रा!

दुसरी कुणी असती तर तिथेच भांडण झालं असतं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. वर गेल्या, चटई आणि दोन उशा घेऊन आल्या, गाडीत अंथरल्या आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना आत बसवलं. मी पुढे बसलो होतो. मान वळवायची हिंमत होईना.

वरसावे पूल आला. मग आई म्हणाल्या, "प्रशांत, गरम होतंय रे. खिडकी तरी उघड."

काचा आम्ही आदल्या रविवारी काढल्या होत्या. त्यांच्या जागी ॲक्रिलिकचे पातळ तुकडे स्क्रूने बसवले होते.

"उघडत नाही, आई," प्रशांत म्हणाला.

"मग काय उघडतं?"

प्रशांतने थोडा विचार करून सांगितलं, "डिकी."

तिकडे जाऊन आई लग्नात सगळ्यांना हसत हसत सांगत होत्या, "आम्ही चटईवर बसून आलो!" येताना मात्र त्या बसने आल्या. त्या गाडीत त्या पुन्हा बसल्या नाहीत. मी निदान पुढची जागा त्यांना द्यायला हवी होती. इतकं साधं मला सुचलं नाही, कारण मला पुढे बसायची सवय झाली होती.

*

गाडीच्या तळाला, पत्र्यावर डांबरासारखा एक थर असतो. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. तो खरवडून निघत नाही. पण पास्कूचं म्हणणं, थंडगार केला की कडक होतो आणि हातोडीने टिचून निघतो. थंड कशाने करायचा? उत्तनचा माणूस, त्याला बर्फाची काय कमी! होडीवर मासळीला लागतो तो बर्फ पोती भरून आणला, वर मीठ टाकलं आणि गाडीत पसरला.

डांबर निघालं, खोटं कशाला बोलू. चांगली बादलीभर खपली निघाली. पण ती पोती धुतलेली नव्हती! बर्फाचं पाणी गाडीच्या सांध्यासांध्यात मुरलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि गोदामाच्या भागातल्या सगळ्या मांजरी बॉनेटवर येऊन बसल्या.

काशीमीरा नाक्यावर हवालदाराने अडवलं. "मच्छी कुठे चाललीय?"

"मच्छी नाही साहेब, रेसची गाडी आहे," प्रशांत अभिमानाने म्हणाला.

साहेबांनी आत डोकं घातलं, रिकामा पत्रा बघितला, एक श्वास घेतला आणि घाईने डोकं बाहेर काढलं. "मग जोरात पळव बाबा. लवकर लांब जा!"

सुजातावहिनींनी प्रशांतचे त्या दिवसाचे कपडे तीनदा धुतले आणि चौथ्यांदा टाकून दिले. तो म्हणायचा, "ती काहीच बोलत नाही रे, मन्या. बोलली असती तर बरं झालं असतं." मी म्हणायचो, "होईल सवय." लग्न त्याचं, संसार त्याचा, आणि सल्ला देणारा मी!

*

पेट्रोललाही वजन असतं. हे आमच्या लक्षात आल्यावर आम्ही टाकीत दोन-दोन लिटरच पेट्रोल ठेवायला लागलो. सरावाला वरसाव्याच्या पलीकडे एक मोकळा प्लॉट होता. जायला अर्धा, यायला अर्धा आणि सरावाला एक, असा पास्कूचा हिशोब.

या हिशोबात वरसावे पुलावरचा ट्रॅफिक धरलेला नव्हता. पुलाच्या बरोबर मध्यावर, ट्रकांच्या रांगेत, गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ! आम्ही तिघं उतरलो आणि ढकलायला लागलो.

पास्कू शिव्या देत होता. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. आणि प्रशांत? त्याचा चेहरा फुललेला! एका हाताने स्टिअरिंग, एका हाताने दार धरून तो ढकलत होता आणि ओरडून सांगत होता, "मन्या, अरे बघ ना! किती हलकी झालीय! आधी अशी ढकलली असती का?"

मागच्या ट्रकवाल्याने विचारलं, "पेट्रोल नहीं डाला क्या?"

"वजन होता है, पाजी!" प्रशांतने उत्तर दिलं.

सरदारजीने क्लीनरकडे बघितलं, क्लीनरने सरदारजीकडे. मग दोघंही उतरून आमच्याबरोबर ढकलायला लागले.

प्रशांत आठवला की मला तो तिथे, त्या पुलावर दिसतो. खाली खाडी, मागे ट्रकांची रांग, आणि हा घामाने निथळत हसतोय.

*

एक दिवस असा आला की काढायला काही उरलं नाही. हीटर गेला, एसी गेला, हॉर्न गेला, शेजारची सीट गेली. ज्या लोखंडी पट्टीत भोक पाडता येईल तिच्यात पास्कूने भोक पाडलं. हँडब्रेकच्या दांड्याला तर इतकी भोकं की वाजवायला घ्यावा! तिघं चहा घेत गाडीकडे बघत बसलो होतो.

"आता काय काढायचं?" प्रशांत म्हणाला.

आणि मी बोललो. विनोद म्हणून बोललो. "आता सगळ्यात जड पार्ट तूच उरलायस, पश्या!"

पास्कू चहा सांडेपर्यंत हसला. सगळ्यात जास्त प्रशांतच हसला. पण दुसऱ्या दिवशी तो बिल्डिंगखालच्या वाण्याकडे गोणीच्या काट्यावर उभा राहिला. एक्क्याण्णव किलो.

मग सुरू झाले उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आईंना वाटलं, मुलगा सुधारला. त्या बिचाऱ्या कौतुकाने साबुदाण्याची खिचडी करायच्या, वरून शेंगदाण्याचं कूट, सोबत बटाट्याचा कीस आणि उपास म्हणून दोन केळी जास्त! महिन्याभराने प्रशांत पुन्हा गोणीच्या काट्यावर उभा राहिला. त्र्याण्णव!

वाणी म्हणाला, "साहेब, उपास सोडा, वजन कमी होईल."

त्याने सोडले आणि झालंही, पुन्हा एक्क्याण्णव. तिथून मात्र काटा हलला नाही. हाडापेराने मोठा माणूस, कमी होऊन होऊन किती होणार? तो गॅरेजमध्ये आला की आम्ही दोघं न चुकता विचारायचो, "काय, किती?" रोज विचारायचो. तो रोज हसून आकडा सांगायचा. आपण रोज काय विचारतोय, हे तेव्हा एकदा तरी आमच्या लक्षात यायला हवं होतं.

*

रेजिना ही पास्कूची धाकटी बहीण, सगळ्यांची रेजी. उत्तनहून मासळीचा टेम्पो चालवायची. पहाटे बाजार करून परत जाताना भावाचा डबा गॅरेजवर टाकायची. एका रविवारी डबा द्यायला ती थेट प्लॉटवर आली. कोन म्हणून आम्ही मासळीचे प्लॅस्टिकचे क्रेट मांडले होते. प्रशांत सराव करून उतरला होता.

"मी एक राउंड मारू?" तिने विचारलं.

"मार ना," प्रशांतच म्हणाला. त्यानेच तिला क्लच कुठे पकडतो ते दाखवलं, त्यानेच सीट पुढे ओढून दिली.

तिने एक राउंड मारला. पास्कूने घड्याळ बघितलं, झटकलं आणि पुन्हा बघितलं. प्रशांतच्या सगळ्यात चांगल्या टाइमपेक्षा दोन सेकंद कमी!

"घड्याल बिगडलंय," पास्कू म्हणाला.

"बिगडलेलं न्हाय," रेजी म्हणाली. "तुमची गाडी बरी हाय. आमचा टेम्पो असा वलत न्हाय."

प्रशांत पुन्हा बसला. तीन राउंड घेतले. तिसऱ्यात एक क्रेट उडवला. मग रेजीला म्हणाला, "परत एकदा घे." तिने घेतला, अजून थोडा कमी आला. तिचं वजन सत्तेचाळीस किलो. पास्कूने तिथल्या तिथे विचारून घेतलं होतं.

चहा आला. कोणी कोणाकडे बघेना. स्पर्धेचा फॉर्म माझ्याकडे होता, दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. पेन माझ्या खिशात. प्रशांतने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मग? ड्रायव्हर म्हणून रेजीचंच नाव टाकूया ना?"

असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. क्षणभरच. आज मला स्वच्छ कळतं, त्याला माझ्याकडून काय ऐकायचं होतं. "वेडा आहेस का? गाडी तुझी आहे." एवढंच म्हणायचं होतं. किंवा "थांब, उद्या ठरवू." तेही चाललं असतं.

मी म्हणालो, "हो, तेच बरं." आणि पेनाचं टोपण काढलं.

*

स्पर्धा पुण्याकडे एका माळावर होती. गाडी टेम्पोत घालून नेली. सकाळपासून प्रशांतच सगळं करत होता. टायरची हवा बघ, दारावर नंबर चिकटव, रेजीला पाणी दे. पोरगी घाबरली होती. त्याने तिला ट्रॅकवर तीनदा पायी फिरवून आणलं आणि कुठल्या वळणाला गाडी मागून घसरेल ते समजावून सांगितलं. ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तपासणीला रांग होती. जमिनीवर चार चपटे काटे, एकेका चाकाखाली एक. टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ हातात पॅड घेऊन उभे.

"ड्रायव्हरला आत बसवा," ते म्हणाले.

रेजी बसली. त्यांनी चार आकडे लिहिले, बेरीज केली, मान हलवली. "चव्वेचाळीस किलो कमी आहे."

पास्कू खूश झाला. "कमीच केलंय साहेब! दीड वर्ष करतोय!"

"तसं नाही. या क्लासला गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन लागतं. त्याच्या खाली गेलात तर गाडी सोडता येत नाही. फॉर्मच्या मागच्या पानावर छापलंय ना सगळं."

फॉर्म मी भरला होता. मी पुढचं पान भरलं होतं.

मनातल्या मनात मी वजाबाकी केली. प्रशांत एक्क्याण्णव, रेजी सत्तेचाळीस. पास्कूनेही केली असणार, कारण तो एकदम बूट न्याहाळायला लागला.

"साहेब," मी म्हणालो, "ड्रायव्हर बदलला तर?"

"आता नाही बदलता येत. फॉर्मवर नाव असेल तोच. वजन भरा, पक्कं बांधा आणि अर्ध्या तासात परत आणा. बरेच जण भरतात."

रेजी गाडीतून उतरली. "प्रशांतदादा, मी न्हाय चालवत. खरंच न्हाय."

"काहीतरीच काय! बस आत. बेल्ट लाव," तो म्हणाला.

मैदानाच्या कडेला भिंतीचं काम चाललं होतं. रेतीचा ढीग होता, सिमेंटची रिकामी पोती होती. प्रशांतने बाह्या वर केल्या. एकात एक घालून दुहेरी पोतं केलं, घमेलं मागून आणलं आणि स्वतः भरायला बसला. पास्कू पुढे झाला, तर त्याला म्हणाला, "तू बोल्ट बघ." पोतं भरलं, तोंड शिवलं. शेजारची सीट काढल्यावर तळाला तिचे चार बोल्ट उरले होते, तिथे त्याने ते ठेवलं आणि दोन पट्टे आवळले. गुडघा लावून पुन्हा आवळले. हाताने हलवून बघितलं. पोतं जागचं हललं नाही.

गाडी परत काट्यांवर घेतली. टोपीवाले गृहस्थ वाकले, बेरीज केली आणि म्हणाले, "दोन किलो कमी पडतायत. थोडं जास्त झालं तरी चालेल, पण कमी नको."

प्रशांतने पोत्याची शिवण उसवली. माझ्याकडे न बघता त्याने हात मागे केला.

"मन्या, अजून एक घमेलं आण."